केसावरून प्राणी ओळखणारं मॉडेल: आधी स्लाइड, मग कोड

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर लांडग्याच्या विष्ठेत निघालेला केस काळविटाचा की धनगराच्या शेळीचा, हे ठरवायला इमेज रेकग्निशनचा, म्हणजे फोटो बघून ओळखायला शिकवलेल्या संगणकीय मॉडेलचा, चांगला उपयोग होतो. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची स्लाइडच खराब असेल तर कुठलंही मॉडेल हात टेकतं.

काळवीट आणि लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय केस किंवा विष्ठा उचलू नका. सरावाला शेळ्यामेंढ्यांचे केस घ्या. विष्ठेत फीतकृमीची अंडी असू शकतात. मास्क-हातमोजे घाला, नमुना आधी उकळा.

केस साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवा. लोकरीसारखे मऊ केस बाजूला काढून लांब, राठ केस निवडा. केसाच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात; त्यांच्या ठशासाठी स्लाइडवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. थर चिकट लागतो पण बोटाला येत नाही, नेमक्या त्या वेळी केस ठेवा. पूर्ण वाळल्यावर एका झटक्यात उचला. घाई केली तर केस आत बुडतो आणि थर फाटतो, उशीर केला तर ठसाच उमटत नाही. मुळाशी, मधे आणि टोकाला खवल्यांची नक्षी बदलते, म्हणून फोटो कायम ठरलेल्या भागाचाच घ्या.

आतली मज्जाही, म्हणजे केसाचा गाभा, बघावी लागते. सशाच्या राठ केसात तिच्या पेशी शिडीसारख्या रांगांत दिसतात. उस्मानाबादी शेळी बहुधा काळी, त्यामुळे रंगद्रव्यामागे मज्जा लपते. केस हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये फिका करून घ्या.

सगळे फोटो ४०० पट विशालनावर, एकाच प्रकाशात काढा. शेळीचे फोटो पिवळ्या दिव्याखाली आणि काळविटाचे पांढऱ्या दिव्याखाली काढले, तर मॉडेल केसाऐवजी दिवा शिकतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डेटा वाटताना. एकाच शेळीचे शंभर फोटो म्हणजे शेळी एकच. त्यातले ८० प्रशिक्षणाला आणि २० चाचणीला दिले की अचूकता खोटी फुगते. वाटणी फोटोंची नको, जनावरांची करा: चाचणीतल्या शेळीचा एकही केस प्रशिक्षणात नको. सुरुवातीला आधीच प्रशिक्षित रेसनेट (फोटो ओळखणारं तयार न्यूरल नेटवर्क) घेऊन त्याचे शेवटचे थर शिकवले तरी पुरतं.

मॉडेलला खोकड शिकवलंच नसेल, तर खोकडाच्या केसालाही ते शिकवलेल्यांपैकीच एखादं नाव देतं. म्हणून खात्रीची किमान पातळी ठरवा. त्याखालचे फोटो ‘अनोळखी’ म्हणून वेगळे ठेवा आणि संदर्भ-स्लाइडशी (ज्यातला प्राणी पक्का माहीत आहे अशा स्लाइडशी) स्वतः ताडून पाहा.