स्लाइड-आऊटच्या रबराला ग्रीस चोपडू नका, आणि बाकीच्या चुकाही टाळा

माण-खटावची धूळ आणि महाबळेश्वरचा पाऊस एकाच जिल्ह्यात. साताऱ्यात मोटरहोम किंवा व्हॅनिटी व्हॅन फिरवायची तर स्लाइड-आऊटच्या, म्हणजे गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या, भोवतीच्या रबराला दोन्ही सोसावं लागतं. तरी त्याच्याकडे लक्ष जातं ते आत पाणी टपकायला लागल्यावर.

सगळ्यात जास्त डोकं फिरवते ती ग्रीसची सवय. खोली करकरली की हाताला लागेल ते चोपडायचं: ग्रीस, डिझेल, जळकं ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे. हे रबर बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. ऊन-पाऊस ते सोसतं, पण पेट्रोलियम तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. वाईकडच्या शूटिंगवरून आलेल्या एका व्हॅनला चारही बाजूंनी ग्रीस थापलेलं. "आता कशी गुळगुळीत सरकते बघा भाऊ," ड्रायव्हर खुशीत. त्या ग्रीसवर धूळ बसून पॉलिश पेपर तयार झाला होता. बाहेरच्या पत्र्याचा रंग घासून गेलेला. फुगलेली कड बंद होताना आत ओढली गेली, फाटली आणि खाचेतून सुटली. मग पाऊस. रबर बदलणं किरकोळ काम होतं, खालचा प्लायवूड काढायला सोफा-कपाट सगळं उतरवावं लागलं.

मी साबणाचं पाणी आणि जुनं सुती फडकं वापरतो. कोरडं झाल्यावर सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून रबराला पुसतो. थेट फवारला तर फरशी निसरडी होते. आतलं आणि बाहेरचं अशी दोन रबरं असतात, म्हणून एकदा खोली बाहेर काढून, एकदा आत घेऊन पुसायचं. याला वेळ लागतो. पाच मिनिटांत उरकणाऱ्यांनी स्लाइड-आऊट घेऊच नये, साधी गाडी बरी.

दुसरी चूक, छत न बघता खोली आत घेणं. पाचगणीत सिल्व्हर ओकखाली गाडी लावली की वर पानांचा थर साचतो. तो रबराखाली गेला की फट राहते. शिडी लावा, झाडून घ्या, साचलेलं पाणी ओढून टाका, मगच बटण दाबा.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप रबरावर धरू देऊ नका.

फाटलेल्या जागी सीलंट भरू नका. खोली सरकली की उखडतं. तुकडा बदला.

पावसाळ्याआधी रात्री खोली बाहेर काढून आतले दिवे लावा, बाहेरून कडेने उजेड झिरपतो का बघा. आधी वरचे कोपरे.