सुख किती, रुबाब किती: महागडी गाडी घेताना तपासायचं कसं

सुख गाडीत बसलेल्याला लागतं, रुबाब रस्त्यावरच्या माणसाला दिसतो. दोन्हींचे पैसे एकाच बिलात जातात, म्हणून त्यांची फोड टेस्ट ड्राइव्हलाच करून घ्या.

आधी चाकं बघा. स्पोर्टी पॅकेजमधली मोठी चाकं हा बहुतेक वेळा निव्वळ रुबाबाचा खर्च. २२५/५५ आर१७ टायरच्या (रुंदी २२५ मिमी, भिंत रुंदीच्या ५५ टक्के, रिम १७ इंची) बाजूच्या भिंतीची उंची सुमारे १२४ मिमी असते. त्याऐवजी २४५/३५ आर२० घेतला तर एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण भिंत उरते ८६ मिमी. धक्का गिळणारं ३८ मिमी रबर गेलं. खड्ड्यात टायर रिमपर्यंत चेपतो आणि बाजूला फुगा येतो, तो यामुळेच. निघण्यापूर्वी हवाही मोजा. आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर सापडतो. हवा जास्त असेल तर चांगलं सस्पेन्शनसुद्धा आदळतं.

मग दाराची काच अर्धी खाली करून तिची वरची कड निरखा. मधोमध बारीक रेघ दिसली तर काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये आवाज दाबणारा प्लॅस्टिकचा पातळ थर. काही गाड्यांत ही काच फक्त पुढच्या दारांना असते. मागे बसणार असाल तर मागची कडही बघा.

डॅशबोर्डचा वरचा भाग मऊ असला म्हणून भुलू नका, तो सगळेच मऊ करतात. हात गुडघ्याखाली फिरवा: दाराचा खालचा कप्पा, सीटची बाजू. कंजुषी तिथे सापडते. नामांकित ब्रँडच्या सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये तर हमखास. त्याच पैशात साध्या ब्रँडचं वरचं मॉडेल काय देतं, तेही बसून बघा. निदान वीस मिनिटं, मांडी अधांतरी राहते का हे तेव्हाच कळतं.

लोगोची ताकद बघायची तर फोक्सवॅगन फेटन आठवा. २००२ साली आलेल्या या गाडीचा पाया बेंटली काँटिनेंटल जीटीशी मिळताजुळता, एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगा), बांधणी अव्वल. पण बघणाऱ्याला ती फोक्सवॅगनच वाटली. अपेक्षेइतकी कधी खपली नाही, २०१६ मध्ये बंद झाली. टोयोटा जास्त चतुर: १९८९ मध्ये एलएस ४०० आणली ती लेक्सस या कोऱ्या नावाखाली.

जुन्या बाजारात मात्र हिशेब उलटतो. गाडीचा भाव उतरतो, सुट्या भागांचा नाही. एअर सस्पेन्शन असेल तर रात्री चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर तिथे हवा गळतेय, बहुधा एअर स्प्रिंगच्या चिरलेल्या रबरातून. तसंच चालवत राहिलात तर ती गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जळतो.