खिडकीतला एसी घरच्या घरी कसा साफ करावा

गड्ड्याची यात्रा उठली की सोलापुरातली थंडीही गाशा गुंडाळते. फेब्रुवारीत दुपारी पंखा लागतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या आसपास घुटमळतो. म्हणून एसी साफ करायचा तो महाशिवरात्रीच्या आगेमागे. पाडव्यानंतर मेकॅनिकला फोन केलात तर "उद्या येतो" हे आठवडाभर ऐकावं लागतं.

आमचं घर साखर पेठेत, आजूबाजूला यंत्रमाग. सुताचे बारीक तंतू दिवसभर हवेत उडत असतात. एसी घेतल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात खोली थंड होईना. आलेल्या माणसाने समोरची जाळीही न उघडता "गॅस संपलाय" म्हणून सांगितलं आणि गॅस भरून पैसे घेऊन गेला. आठ दिवसांत पुन्हा तीच रड. शेवटी शेजारच्या काकांनी जाळी काढून दाखवली. फिल्टरवर चक्क टॉवेलसारखा लोकरी थर बसला होता, बोटाने धरून सोलून काढता येईल असा.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच फिरत राहतो. कमी झालाच असेल, तर कुठेतरी गळती आहे. त्यामुळे गॅसची शंका घ्यायच्या आधी धुळीची घ्या.

सुरुवात प्लग काढण्यापासून. नुसतं रिमोटने किंवा बटणाने बंद करून भागत नाही. वायर थेट बोर्डात गेली असेल तर एमसीबी खाली पाडा. प्लग हातात आलाच आहे तर त्याच्या पिना बघून घ्या. काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसत असेल, तर सफाईआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

फिल्टर

समोरची जाळी क्लिपांवर असते, काही मॉडेलांना एखादा स्क्रूही असतो. आतला फिल्टर सरकवून बाहेर काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर इतके दिवस एसी नाक दाबून चालला होता असं समजा. आधी गच्चीवर कोरडाच झटका. थेट पाण्यात बुडवलात तर तंतूंचा लगदा होऊन भोकांत बसतो. मग जी बाजू स्वच्छ दिसते तिच्याकडून पाणी सोडा, म्हणजे मळ आला तसा परत जाईल. नळाला रोज पाणी येत नाही अशा घरातही एवढ्याला अर्धी बादली पुरते. साधं साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश बास. गरम पाणी नको आणि वाळवायला कडक ऊनही नको, चौकट वाकडी होते आणि मग खाचेत बसत नाही.

उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करा. घराजवळ माग असतील किंवा रस्त्याचं काम चालू असेल, तर दर आठवड्याला.

कूलिंग कॉइल

फिल्टरच्या मागे ॲल्युमिनियमच्या पातळ उभ्या पात्या दिसतील. त्या कागदासारख्या नाजूक असतात. मी पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात तारेचा ब्रश फिरवला आणि तळहाताएवढा भाग पार चेपून टाकला. तिथून हवा जाईचना. नंतर लोणच्याच्या बरणीतल्या चपट्या लाकडी चमच्याच्या टोकाने एकेक पाती सरळ करत अख्खी दुपार गेली. तुम्ही रंगाचा मऊ ब्रश घ्या आणि पात्यांच्या दिशेने, वरून खाली फिरवा. आडवा फिरवायचाच नाही. कॉइलसमोर क्लिपमध्ये एक बारीक सेन्सर असतो, तो जागचा हलवू नका.

मग कुंड्यांवर फवारायच्या बाटलीने पाणी मारा. बोअरचं क्षारयुक्त पाणी मात्र टाळा, बादल्यांवर बसतो तोच पांढरा थर पात्यांवरही बसतो. आरओमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी वापरायची काटकसर तर मुळीच करू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

मागची बाजू, जिकडे कुणी बघत नाही

खिडकीतला एसी बाहेरची हवा बाजूंच्या फटींमधून आत ओढतो आणि मागच्या कॉइलमधून बाहेर फेकतो. त्यामुळे कचरा अडकतो तो त्या कॉइलच्या आतल्या, पंख्याकडच्या अंगाला. बाहेर उभं राहून पाहिलं तर कॉइल लख्ख दिसते. आमच्याकडे आत सूत, वाळकी पानं आणि कबुतराच्या काड्या मिळून अख्खी गादी तयार झाली होती.

ते पाहायचं तर मशीन पेटीतून खोलीच्या बाजूला ओढावं लागतं. दीड टनाच्या एसीचं वजन साधारण ५० किलो भरतं, म्हणजे हे एकट्याचं काम नाही. दोन धडधाकट माणसं आणि खिडकीच्या उंचीचं भक्कम टेबल असेल तरच हात घाला. नसेल तर वर्षातून एकदा हे काम मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभं राहून. ओढताना नळ्यांना धरू नका, तळाच्या पत्र्याला धरा.

बाहेर आल्यावर पंख्याची मोटर आणि वायरिंगचा डबा प्लास्टिकच्या पिशवीने झाका. तो डबा उघडू नका, आतला कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. कचरा हाताने आणि ब्रशने काढा, मग बाहेरच्या अंगाकडून आत हलकं पाणी सोडा. गाड्या धुवायचा प्रेशर पंप नको, पात्या झोपतात.

तळाच्या ताटात काळा चिखल साचलेला असेल. तो पुसून काढा आणि पाणी जायचं भोक काडीने मोकळं करा. नवीन भोक पाडायच्या फंदात पडू नका. बऱ्याच मॉडेलांत पंख्याची कडा ताटातलं पाणी उडवून मागच्या कॉइलवर मारते, त्याने ती गार होते. पावसाळ्यात येणारा चपचप आवाज त्याचाच, तो बिघाड नव्हे.

इथे आपल्या गावातली एक गंमत. मे महिन्यात "एसीतून पाणीच पडत नाही" अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. हवाच इतकी कोरडी असते की पडायला पाणी हवं कुठे? जुलैत तोच एसी बादली भरतो.

पेटी परत बसवताना तिचा उतार मागे, बाहेरच्या बाजूला हवा, साधारण अर्धा इंच. अर्धी भरलेली पाण्याची बाटली वर आडवी ठेवली की लगेच कळतं. उतार खोलीकडे असेल तर भिंत ओली होणार. चौकटीभोवतीच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा. जुन्या चादरीचे बोळेही चालतात, पण बाजूच्या हवा घेणाऱ्या जाळ्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. कबुतरं नकोत म्हणून काहीजण तिथे प्लायवूड ठोकतात, मग एसी स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. मोठ्या भोकांची तारेची जाळी लावा.

सगळं चार-पाच तास सुकू द्या, मगच प्लग लावा. पंधरा-वीस मिनिटं चालवून साधा थर्मामीटर आधी हवा आत ओढली जाते तिथे आणि मग गार हवेच्या झोतात धरा. ८ ते १२ अंशांचा फरक आला तर मशीन ठणठणीत आहे. तापमान २४ वर ठेवा, सोबत छताचा पंखा हळू चालू द्या.

कॉइलवर बर्फ धरत असेल तर एसी बंद करून नुसता पंखा चालवा, बर्फ आपोआप वितळेल. सुरीने खरवडायला जाऊ नका, एखादी नळी फुटली तर गॅस खरोखरच जाईल. फिल्टर आणि कॉइल स्वच्छ असूनही बर्फ येत असेल, एमसीबी पडत असेल, कॉम्प्रेसर घुमून बंद होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र मेकॅनिकच हवा. तो गॅस भरायचं म्हणाला तर आधी विचारा, "गळती कुठेय ते दाखवा."