पाया भिंतीबाहेर सरकतोय?

इंदूरला घराचं डिझाइन करताना सॉफ्टवेअरमध्ये पाया भिंतीबाहेर डोकावला, तर तो ओढून जागेवर आणत बसू नका. पाया आपोआप नव्याने तयार झाला की ती मेहनत वाया जाते. आधी सॉफ्टवेअरमध्ये भिंतीच्या थरांची (वीट, प्लास्टर) सेटिंग उघडा. बऱ्याच प्रोग्राममध्ये पाया मुख्य थराच्या कडेला धरून बसतो. तो थर २३० मिलिमीटरची वीट हवा, प्लास्टर नव्हे. मग पाया तयार करा, त्यानंतर कॉलम-बीम. हाताने करायचे बदल अगदी शेवटी, ऑटो रीबिल्ड (पाया आपोआप नव्याने तयार होण्याची सोय) बंद करूनच.

आणि फूटिंगची, म्हणजे पायाच्या तळाच्या रुंद भागाची, सॉफ्टवेअरने दिलेली आयती खोली तशीच ठेवू नका! आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माती परीक्षण करून स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेलाच आकडा तिथे भरा.