आमदाराचा निवडणूक-इतिहास कसा जुळवावा

मी आधी वहीत तक्ता आखतो: वर्ष, मतदारसंघ, पक्ष, मते, मताधिक्य. मग निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल उघडतो.

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा तक्ता करताना मी अडलो होतो. शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) हा माणूस 11 वेळा आमदार, पण माझ्या वहीत विजय भरत होते 10च. 1962 पासून 2014 पर्यंतचे सगळे निकाल दोनदा तपासले. 1972 आणि 1995 चे पराभवही नोंदवलेले. चूक माझ्या पद्धतीत होती: मी फक्त सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या होत्या. 1974 ची पोटनिवडणूक राहिली होती! तेव्हापासून पोटनिवडणुकांसाठी मी वेगळं पान ठेवतो. तुम्हीही ठेवा.

पराभव गाळू नका. तेवढी वर्षं माणूस काय करत होता, हे विचारल्याशिवाय कारकीर्द कळतच नाही.

2009 च्या आधीची आणि नंतरची मते शेजारी मांडताना जपून. मतदारसंघांची फेररचना झाली, नाव तेच राहिलं तरी गावं बदललेली असू शकतात. अलीकडच्या उमेदवारांची मालमत्ता आणि गुन्हे उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात मिळतात. सभागृहातली भाषणं हवी असतील तर विधानसभेची कार्यवृत्तं वाचा, वेळ काढून.