चार्टर आणि ऑनलाइन पब्लिक स्कूल: अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी तयारीची यादी

सुरुवात राज्यापासून करा. अमेरिकेत शाळांचे कायदे राज्याराज्यांचे असतात. चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थेने चालवलेल्या पब्लिक स्कूलचा, पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ साली केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली चार्टर शाळा भरली. आज बहुतेक राज्यांत त्या आहेत, पण नेब्रास्का, साउथ डकोटा आणि व्हर्माँटमध्ये तसा कायदाच नाही. वॉशिंग्टन राज्यात मतदारांनी २०१२ मध्ये चार्टरच्या कायद्याला कौल दिला, २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने नवा केला. म्हणून ॲरिझोनातल्या मावसबहिणीचा सल्ला न्यू जर्सीत जसाच्या तसा लागू पडत नाही. राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर चार्टर शाळांचं पान शोधा आणि तिथली यादी उतरवून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरची यादी त्यानंतर बघा.

आपण कशाबद्दल बोलतोय ते घरात दोघांनाही स्पष्ट हवं. आपल्याकडची अनुदानित शाळा आठवा. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. चार्टरची मांडणी बरीचशी तशीच आहे. फरक एवढाच, की ती ठरावीक मुदतीच्या करारावर चालते आणि मुदत संपली की कराराचं नूतनीकरण व्हावं लागतं. फी नसते, बहुतेक राज्यांत प्रवेश परीक्षाही नसते, आणि राज्याच्या परीक्षा इतर पब्लिक स्कूलसारख्याच द्याव्या लागतात. काही शाळा पालकांकडे देणगी मागतात. ती ऐच्छिक असते, न दिल्याने मुलाची जागा जात नाही. एखाद्या विषयावर भर देणाऱ्या मॅग्नेट शाळा वेगळ्या, त्या डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या पब्लिक स्कूलचा कारभार पाहणारी स्थानिक यंत्रणा, स्वतः चालवतं. ऑनलाइन म्हटलं की सगळं पब्लिक असंही नाही. स्टॅनफर्ड ऑनलाइन हायस्कूल ही फी घेणारी खासगी शाळा आहे. आणि ऑनलाइन पब्लिक स्कूल म्हणजे होमस्कूलिंग नव्हे. तिथे हजेरी लागते, वर्ग बुडवले तर पत्र घरी येतं.

आता या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच बहुतेक पालक करत नाहीत. शाळेचा करार आणि नूतनीकरणाचा अहवाल वाचा. करार देणाऱ्या संस्थेला ऑथोरायझर म्हणतात. कुठे ते डिस्ट्रिक्ट असतं, कुठे राज्याचं मंडळ, कुठे विद्यापीठ. कॅलिफोर्नियात पहिला करार जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो, ॲरिझोनात पहिलाच करार १५ वर्षांचा. मुदत लांब असेल तर बाहेरून होणारी मोठी तपासणी उशिराने होते, त्यामुळे आपली तपासणी अधिक बारकाईने करावी लागते. अहवाल बहुधा ऑथोरायझरच्या साइटवर असतो. नसेल तर मागा.

अहवालात पहिल्यांदा इयत्तावार पटसंख्येचा तक्ता काढा. समजा सहावीत १०० मुलं आहेत आणि आठवीत ५५. मधली ४५ गेली कुठे? शाळाच अजून वाढत असेल, किंवा वरच्या वर्गांतल्या रिकाम्या जागा भरायच्या नाहीत असं धोरण असेल. पण अभ्यासाचा ताण झेपला नाही म्हणून मुलं निघून गेली असण्याचीही शक्यता आहे. तसं असेल, तर आठवीचा झळाळता निकाल हा फक्त टिकलेल्या मुलांचा निकाल आहे. मुख्याध्यापकांना थेट विचारा: मागच्या वर्षी किती मुलं मध्येच गेली आणि त्यांच्या जागी किती घेतली? चांगली शाळा आकडा सांगते.

दुसरं, शिक्षक किती टिकतात ते पाहा. काही राज्यांत चार्टरच्या शिक्षकांना राज्याचं प्रमाणपत्र लागत नाही, ॲरिझोना त्यातलंच. प्रमाणपत्र नसलेला शिक्षक वाईट असतो असं मी म्हणणार नाही, पण दरवर्षी अर्धा स्टाफ बदलत असेल तर मी तिथे मूल घालणार नाही. तिसरं, पैसा. शाळेचं बोर्ड ना-नफा असलं तरी रोजचा कारभार एखाद्या व्यवस्थापन कंपनीकडे असू शकतो, इमारतही त्याच कंपनीशी जोडलेल्या कोणाकडून भाड्याने घेतलेली असू शकते. ऑडिट आणि बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचली की हे कळतं. एका संध्याकाळचं काम आहे, आणि ओपन हाउसमधल्या, म्हणजे पालकांना शाळा दाखवण्याच्या कार्यक्रमातल्या, चकचकीत स्लाइडपेक्षा त्यातून खूप जास्त समजतं.

दहापैकी किती गुण, असं रेटिंग देणाऱ्या साइटवर फार विसंबू नका. २०१५ च्या फेडरल कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा वाचन आणि गणिताची राज्य परीक्षा होते आणि प्रत्येक शाळेचं रिपोर्ट कार्ड जाहीर होतं. त्यात मुलांनी वर्षभरात किती प्रगती केली तो रकाना बघा. सधन उपनगरातले चांगले गुण मुलं बऱ्याचदा घरूनच घेऊन येतात, शाळेने त्यात काय भर घातली हे प्रगतीवरून दिसतं.

तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका. अर्ज साधारण हिवाळ्यात भरायचे असतात, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर वसंतात सोडत निघते. न्यूयॉर्कमध्ये अर्जाची मुदत १ एप्रिलच्या आधी संपत नाही, तिथली सोडत त्यानंतर. भावंडं आधीच शाळेत असतील तर त्यांना सहसा प्राधान्य मिळतं, म्हणून धाकट्याचा अर्ज विसरू नका. वेटलिस्टवर नाव असेल तर फोन आणि ईमेल ऑगस्टअखेरपर्यंत नीट पाहत राहा, कारण जागा देऊ करताना उत्तराला एक-दोन दिवसच देतात. त्याच आठवड्यात आपण पुण्याहून परतीच्या विमानात असलो तर जागा दुसऱ्याला जाते.

कागदपत्रांत जन्मदाखला, घराचा भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल आणि लसीकरणाची नोंद लागते. नव्याने आलेल्या कुटुंबांची अडचण लशींपाशी होते. भारतातल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, पण गालगुंड आणि कांजिण्यांची नसते, आणि इथल्या बहुतेक राज्यांतल्या शाळा त्या दोन्ही मागतात. भारतातलं कार्ड घेऊन आधीच पीडियाट्रिशियनकडे जा आणि राज्याच्या फॉर्मवर नोंदी करून घ्या. मूल एच-४ वर, म्हणजे पालकाच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर, आहे म्हणून चार्टर शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. घरी कोणती भाषा बोलता या प्रश्नाला मराठी असंच खरं उत्तर द्या. त्यानंतर मुलाची इंग्रजीची चाचणी होईल. ती मदत लागते का हे ठरवण्यासाठी असते, त्यात कमीपणा काही नाही.

मुलाचा आयईपी, म्हणजे विशेष गरजांच्या मुलासाठी शाळेने केलेला लेखी शिक्षण आराखडा, असेल किंवा लागेल असं वाटत असेल, तर हा परिच्छेद दोनदा वाचा. विशेष गरजांच्या मुलांच्या शिक्षणाचा फेडरल कायदा १९७५ पासूनचा आहे आणि तो चार्टरला लागू आहे, ऑनलाइन चार्टरलाही. ‘आमच्याकडे ती सोय नाही, तुमची डिस्ट्रिक्टची शाळा बरी’ असं गोड शब्दांत कोणी सुचवलं, तर ते लेखी द्यायला सांगा. स्पीच थेरपी कोण देणार, आठवड्यातून किती मिनिटं, समोरासमोर की स्क्रीनवर, हे नावनोंदणीच्या आधी विचारा.

बस आहे का, गरम जेवण मिळतं का, तीननंतर मूल कुठे थांबणार, हेही पाहा. अनेक राज्यांत चार्टरला बस देणं बंधनकारक नाही.

ऑनलाइनचा विचार असेल तर आधी थोडं थांबा. शाळा पब्लिक असली तरी अभ्यासक्रम आणि यंत्रणा बऱ्याचदा कंपनीची असते. स्ट्राइड, म्हणजे पूर्वीची के१२, ही त्यातली एक आणि पिअर्सनच्या मालकीची कनेक्शन्स ॲकॅडमी ही दुसरी. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अभ्यासात चार्टरमधली मुलं सरासरीने आसपासच्या शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे निघाली. ऑनलाइन चार्टरमधली मुलं मात्र वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे होती. मला हा फरक फार मोठा वाटतो. ओहायोतली इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो ही तर राज्यातली बडी ऑनलाइन शाळा होती. जेवढ्या मुलांचे पैसे राज्याकडून घेतले तेवढी मुलं पूर्णवेळ शिकत होती हे तिला दाखवता आलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यात, ती बंद पडली आणि सुमारे १२,००० मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली.

तरीही ऑनलाइन हवंच असेल, तर पाचवीतल्या मुलाचा एक दिवस कागदावर मांडा. सकाळी लाइव्ह क्लास, मग स्क्रीनवर एकामागून एक धडे, मध्येच विज्ञानाचा प्रयोग, त्यासाठी स्वयंपाकघरातून व्हिनेगर, मग लिहिलेल्या पानाचा फोटो काढून अपलोड. यातलं प्रत्येक काम होतंय की नाही हे कोणीतरी बघायचं असतं. शाळा त्या व्यक्तीला लर्निंग कोच म्हणते, आणि लहान इयत्तांत दिवसाचे कित्येक तास ती व्यक्ती मुलाशेजारी लागते. आई-बाबा घरून काम करतात म्हणजे ही व्यक्ती घरात आहे असं होत नाही. साडेनऊची मीटिंग आणि साडेनऊचा लाइव्ह क्लास एकाच वेळी असतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीवर हे काम टाकू नका. तिच्यावर तो अन्याय आहे.

भारतात दोन महिने राहून तिथूनच वर्ग करू, असा बेत अनेकांच्या मनात असतो. शाळा राज्यातल्या रहिवाशांसाठी असते. देशाबाहेरून लॉगिन चालतं का, किती दिवस, हजेरी कशी धरतात, हे लेखी घ्या. राज्याची परीक्षा सहसा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

काही मुलांना ऑनलाइन शाळा खरोखर मानवते. दीर्घ आजारातलं मूल, टेनिस किंवा नृत्याचा रोज कित्येक तास सराव करणारं मूल, शाळेतल्या छळाने खचलेलं मूल. आणि मधला मार्गही आहे, जो मला अधिक पटतो: शाळा गावातलीच ठेवायची आणि एखादाच विषय ऑनलाइन घ्यायचा. १९९७ मध्ये सुरू झालेल्या फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूलमध्ये हे करता येतं. मिशिगनमध्ये तर सत्रात दोन विषय ऑनलाइन घ्यायची सोय कायद्यानेच आहे. शाळेत एपी फिजिक्स, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं फिजिक्स, नाही म्हणून शाळाच बदलायची गरज नसते.

हायस्कूलच्या पालकांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. शाळेला मान्यता कोणाची आहे, खेळाडू मूल असेल तर एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संघटना तिथले विषय धरते का, आणि रविवारच्या मराठी शाळेतल्या अभ्यासाला परभाषेचं क्रेडिट मिळेल का. काही डिस्ट्रिक्ट ते देतात. चार्टरचा नियम वेगळा असू शकतो, आणि नववीच्या सुरुवातीलाच तो माहीत असला तर नियोजन सोपं जातं.

जागा मिळाल्यावरही जुन्या शाळेतून नाव काढायची घाई नको. नवीन शाळेकडून नावनोंदणी पक्की झाल्याचं ईमेल आलं, की मगच काढा. ग्रेड, परीक्षेचे निकाल, आयईपी, लशींचा फॉर्म, सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण शाळा बंद पडली तर कागद मिळायला महिने लागतात. ऑक्टोबरच्या मध्याला मुलाशी आणि शिक्षकांशी बोला, वह्या उघडून पाहा, सुरुवातीच्या चाचणीचे गुण मागा. जमत नसेल तर आपल्या पत्त्याच्या डिस्ट्रिक्टला मुलाला वर्षाच्या मध्यातही परत घ्यावंच लागतं, मात्र जुनाच वर्ग किंवा तेच शिक्षक मिळतील याची खात्री नसते.