नेटचा प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

सांगलीत घरोघरी नेटच्या लाइन जोडताना एक तक्रार मला सारखी ऐकू येते: "१०० चा प्लॅन घेतलाय, पण डाउनलोड १२ नंच होतंय. फसवलं आम्हाला." फसवलेलं नसतं. प्लॅनचा आकडा मेगाबिटचा, डाउनलोड होताना दिसतो तो मेगाबाइटचा. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा. आधी हा भागाकार करा, मग फोन लावा.

दुसरी चूक खिशाला लागते. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्यांनी १०० वरून ३०० चा प्लॅन घेतला, तरी वेग ९४ च्या वर सरकेना. राउटर बदलला, भांडून झालं. ९४ आकडा ऐकला की मला वायरचाच संशय येतो, कारण राउटर-कॉम्प्युटरमधली वायरची जोडणी, म्हणजे लिंक, १०० मेगाबिटची असली की हाती तेवढंच लागतं. कॉम्प्युटरवर लिंक स्पीड पाहिला, १०० च होता. केबल धरून माळ्यावर चढलो. कॅमेरे बसवणाऱ्यानं नवी केबल ओढायचा कंटाळा केलेला; याच केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांतल्या दोन कॅमेऱ्याला जोडलेल्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, त्यापुढच्या गिगाबिट (१००० मेगाबिट) लिंकला चारही लागतात. गिगाबिट चालणारी कॅट-५ई ची नवी केबल टाकली आणि वेग तिथल्या तिथे ३०० च्या जवळ गेला. मालकांनी तीन महिने जादा पैसे भरले होते. असल्या शॉर्टकटचा मला मनापासून राग येतो. करणारा निघून जातो, भोगतो ग्राहक.

वेग मोजायची माझी सवय ठरलेली आहे: वाय-फाय बंद, एकच लॅपटॉप, वायर थेट राउटरला. दोन भिंतींपलीकडे मोबाइल धरून मोजलात, तर लाइनचा वेग कळतच नाही.

फायबरची वायर खिळ्याला घट्ट गुंडाळू नका. काच वाकली की उजेड बाहेर गळतो. डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असताना दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. फायबरची पिवळी वायर कुठे दबली आहे ते बघा. तिच्या टोकात मात्र डोळा लावू नका.

टेलिफोनची तांब्याची जुनी लाइन असेल, तर टेलिफोन एक्स्चेंजपासूनचं अंतर विचारा. अशा लाइनवरच्या एडीएसएल२+ नेटचे २४ मेगाबिट एक्स्चेंजच्या जवळच मिळतात. चार-पाच किलोमीटरवर त्यातलं फार थोडं उरतं.

आणि कॅमेरे बाहेरगावाहून बघायचे असतील, तर डाउनलोडचा नव्हे, अपलोडचा आकडा विचारून घ्या; चित्र तुमच्याकडून बाहेर जातं.